उच्च तापमानाचं अतिसंवाहक मॅग्नेट आणि एनएमआर : खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत एनएमआरवर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे चुंबकात ठेवलेल्या नमुन्यातल्या अणुकेंद्रकांचा प्रतिसाद मोजून रेणू ओळखायची पद्धत) बोलायला गेलं की ठरावीक प्रश्न येतात. बरेचसे एम.एस्सी. आणि फार्मसीच्या मुलामुलींचे असतात. काही मात्र त्यांना मोटारसायकलवर सोडायला आलेल्या आणि मागच्या बाकावर बसून राहिलेल्या वडिलांचे असतात. हे मागच्या बाकावरचे प्रश्न मला जास्त आवडतात, कारण ते परीक्षेसाठी विचारलेले नसतात. इथे सगळे एकत्र लिहून काढले आहेत.

‘उच्च तापमान’ म्हणजे किती? आपल्या मे महिन्याएवढं?

नाही हो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, म्हणजे साधारण ३१८ केल्विन. आपण ज्या ‘उच्च’ तापमानाबद्दल बोलतोय ते उणे १८१ अंश सेल्सिअस आहे.

नावाचा घोळ इतिहासातून आलाय. १९११ साली नेदरलँड्समधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांना दिसलं की पारा ४.२ केल्विनच्या आसपास थंड केला की त्याचा विद्युत रोध एकदम नाहीसा होतो. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. पुढची पंचाहत्तर वर्षं लोक नवनवे मिश्रधातू तपासत राहिले आणि मजल गेली ती जेमतेम २३ केल्विनपर्यंत. मग १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना लँथेनम, बेरियम आणि तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता सापडली. दुसऱ्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. इतकं झटपट नोबेल क्वचितच मिळतं. त्याच वर्षी यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडनं ९२ केल्विन गाठलं. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, आणि ती रेषा पहिल्यांदाच ओलांडली गेली.

तेव्हा ‘उच्च’ म्हणायचं ते हेलियमच्या मानानं. तोरणमाळला आपण थंड हवेचं ठिकाण म्हणतो ते शहाद्याच्या मानानं. काश्मिरी माणसाला विचारून म्हणत नाही. तसंच हे.

मग ते द्रव नायट्रोजनवर चालत असेल. नायट्रोजन तर आमच्या गुरांच्या दवाखान्यातही असतो.

हा प्रश्न यावल तालुक्यातल्या एका शेतकरीदादांनी विचारला होता, आणि आजवर आलेल्या प्रश्नांत मी याला पहिला नंबर देतो. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये ठेवतात, त्यातला धूर सोडणारा पातळ पदार्थ म्हणजे द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. तो स्वस्त आहे आणि हवेतूनच काढतात. मग त्यातच मॅग्नेट बुडवून मोकळं का होऊ नये?

कारण अतिसंवाहकाला एकच मर्यादा नसते, तीन असतात: तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि त्यातून वाहणारा प्रवाह. तिन्ही एकमेकांत गुंतलेल्या आहेत. ७७ केल्विनला या ऑक्साइडपासून केलेली पट्टी अतिसंवाहक असते हे खरं, पण तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवली की तिची प्रवाह वाहण्याची ताकद पार ढासळते. तीच पट्टी ४.२ केल्विनला नेली की २५-३० टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रातही भरपूर प्रवाह वाहून नेते. बैल दुपारी उन्हातही चालतो, पण भरली गाडी घाटात चढवायची तर शहाणा माणूस पहाटेच जुंपतो.

म्हणून जगातली सर्वांत ताकदीची एनएमआर मॅग्नेट या ‘उच्च तापमानाच्या’ पदार्थाच्या जोरावर केलेली असूनही द्रव हेलियममध्येच बुडवलेली असतात. मुलांना हे ऐकून फसवल्यासारखं वाटतं. पण इथे या पदार्थाचं मोल तो जरा गरम असतानाही चालतो यात नाही. जिथे जुनी धातूची तार हात टेकते त्या क्षेत्रात तो टिकून राहतो, त्यासाठी तो हवा असतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, तेवढी पक्की धरा.

एनएमआरला एवढं जबर चुंबक लागतं तरी कशाला?

केळ्याचंच उदाहरण घेऊ. रावेर-सावद्याची हिरवी कापणी रायपनिंग चेंबरमध्ये जाते आणि काही दिवसांत पिवळी होऊन बाहेर येते. आत स्टार्च मोडून साखरा तयार होतात: सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज. पिकलेल्या केळ्याचा रस गाळून, जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असतो) घालून, ५ मिलिमीटरच्या काचेच्या ट्यूबमध्ये भरला आणि मॅग्नेटमध्ये सोडला, की रसातल्या प्रत्येक प्रकारच्या हायड्रोजनची वेगळी खूण कागदावर उमटते. त्या आलेखाला स्पेक्ट्रम म्हणतात, आणि त्यावरची जागा पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षातल्या भागांत, सांगतात. सुक्रोजची एक खूण ५.४ पीपीएमला येते. ग्लुकोजच्या दोन येतात, ५.२ आणि ४.६ ला. इतकं ठीक आहे.

अडचण होते ती ३.४ ते ४.२ च्या पट्ट्यात. तिथे तिन्ही साखरांचे उरलेले हायड्रोजन आठवडे बाजाराच्या दिवशीच्या एसटी स्टँडसारखे एकमेकांना रेटत उभे असतात. यात कोण कोणाचा हे ओळखायचं कसं? मॅग्नेट मोठं केलं की जागा वाढते. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर एक पीपीएम म्हणजे ४०० हर्ट्झ, १२०० च्या यंत्रावर १२०० हर्ट्झ. शेजारच्या हायड्रोजनमुळे पीकचे (म्हणजे स्पेक्ट्रमवरच्या त्या टोकदार खुणेचे) जे फाटे पडतात, त्यांच्यातलं अंतर मात्र हर्ट्झमध्ये तेवढंच राहतं, समजा ७ हर्ट्झ. म्हणजे मैदान तिप्पट झालं आणि माणसं तेवढीच जाड राहिली.

दुसरा फायदा सिग्नलचा. क्षेत्र वाढलं की सिग्नल साधारण दीड घातानं वाढतो. चारशेवरून बाराशेवर गेलात तर हिशोबानं पाचपट, आणि तेवढ्याच दर्जाचा स्पेक्ट्रम मिळवायला लागणारा वेळ सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्यावर येतो. प्रत्यक्षात इतकं गोड घडत नाही, प्रोब (सिग्नल पकडणारा भाग) आणि नमुना दोन्ही आडवे येतात. तरीही प्रथिनांवर काम करणाऱ्या माणसाला, ज्याच्याजवळ नमुना चिमूटभरच असतो, हा फरक म्हणजे काम होणं आणि न होणं.

केळ्याच्या रसासाठी बाराशेची गरज नाही, हेही सांगून ठेवतो. चारशे-पाचशेवर भागतं.

मॅग्नेटची ताकद मेगाहर्ट्झमध्ये का सांगतात?

सवय. एका टेस्लाच्या क्षेत्रात हायड्रोजनचं केंद्रक ४२.५८ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतं. गुणाकार करा: ९.४ टेस्ला म्हणजे ४००, १४.१ म्हणजे ६००, २३.५ म्हणजे १०००, आणि २८.२ टेस्ला म्हणजे १२००. शेवटचा आकडा आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सहा लाख पटींहून जास्त आहे.

जुनी तार कुठे थांबली?

नायोबियम-टायटॅनियमची तार स्वस्त, लवचीक, वळवावी तशी वळणारी. पण ४.२ केल्विनला ती दहा टेस्लाच्या आसपास दमते. त्यापुढे नायोबियम-टिन वापरतात. तिला आणखी थंड करून, दोन केल्विनच्या जवळ नेऊन, २३.५ टेस्लापर्यंत ताणता आलं. २००९ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला १००० मेगाहर्ट्झचं यंत्र बसलं. तिथे जुन्या तारेचा रस्ता संपला.

पुढचं पाऊल जपाननं टाकलं. त्सुकुबा इथे आतल्या बाजूला बिस्मथच्या ऑक्साइडचं वेटोळं बसवून १०२० मेगाहर्ट्झ गाठले, त्याची घोषणा २०१५ मध्ये झाली. मधे २०११ चा भूकंप त्यांच्या यंत्रालाही बसला होता, हे वाचल्यापासून मी आमच्या विजेच्या तक्रारी थोड्या कमी करतो. मग एनएमआर यंत्रं बनवणाऱ्या ब्रुकर कंपनीनं यिट्रियमच्या जातीच्या पट्टीचं आतलं वेटोळं आणि जुन्या तारेची बाहेरची वेटोळी अशी जोडी जमवली, आणि २०२० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स विद्यापीठात १२०० मेगाहर्ट्झचं पहिलं यंत्र उभं राहिलं. बाहेर जुनी तार, आत नवी पट्टी. सगळ्यात तीव्र क्षेत्र मध्यभागी असतं, म्हणून महागडा माल तेवढ्यापुरताच.

‘तार’ आणि ‘पट्टी’ असं वेगवेगळं का म्हणता?

कारण हा पदार्थ धातू नाही. तो चिनीमातीच्या जातीतला, भाजलेला ऑक्साइड आहे. आता सांगा, खापराची तार कशी ओढणार? ज्या खापरावर आपल्याकडे पुरणाचे मांडे होतात, ते वाकवायला जा, हातात तुकडे येतील.

म्हणून युक्ती अशी: निकेलच्या जातीच्या मिश्रधातूची अतिशय पातळ फीत घ्यायची. तिच्यावर काही थर असे चढवायचे की सगळ्यात वरच्या थरातले स्फटिक एकाच दिशेला तोंड करून बसतील. त्यावर एक-दोन मायक्रॉन जाडीचा अतिसंवाहक, त्यावर चांदी, आणि सगळ्यांवर तांब्याचं कवच. सगळी पट्टी मिळून माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास भरते, आणि त्यात खरं काम करणारा थर शंभरातला एक-दोन भाग. बाकी सगळी पालखी उचलणारी माणसं.

दिशेचा एवढा आग्रह कशासाठी? शेजारच्या दोन स्फटिकांची तोंडं थोडेसे अंश जरी इकडेतिकडे झाली, तरी त्यांच्या मधल्या शिवेवरून जाणारा प्रवाह झपाट्यानं घटतो. आणि अशी शिस्त मिलिमीटरभर नाही, शेकडो मीटर राखायची आहे. १९८७ मध्ये पदार्थ सापडला आणि २०२० मध्ये यंत्र उभं राहिलं. मधली तेहतीस वर्षं गेली त्यातली मोठी वाटणी या पट्टीची आहे. वर्तमानपत्रं शोधाची तारीख छापतात, पट्टीची कोणी छापत नाही.

पट्टीला खोडीही आहेत. ती लांबीच्या दिशेनं ओढली तर भरपूर ताण सहन करते, पण थर एकमेकांपासून सोलले जातील असा थोडासा ताणही तिला चालत नाही. आणि २८ टेस्लामध्ये प्रवाह वाहताना वेटोळं बाहेरच्या दिशेनं जोरात फाकायला बघतं.

लोडशेडिंग झालं तर मॅग्नेट बंद पडेल का?

धुळ्याला हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आनंदाचं आहे: नाही. नेहमीच्या एनएमआर मॅग्नेटमध्ये प्रवाह एकदा भरायचा, वेटोळ्याची दोन्ही टोकं अतिसंवाहक जोडानं एकमेकांना जोडायची आणि बाहेरचा वीजपुरवठा काढून घ्यायचा. प्रवाह आपला आपण फिरत राहतो, वर्षानुवर्षं. गाव अंधारात असतं आणि मॅग्नेट तसंच उभं असतं. बंद पडतो तो संगणक, कॉम्प्रेसर आणि तुमचा चालू असलेला प्रयोग.

पण हे सगळं त्या जोडावर अवलंबून. जोडांचा रोध एका ओहमच्या लाख कोटीव्या हिश्श्याच्या आसपास, शक्य तर त्याहूनही कमी असावा लागतो, नाहीतर क्षेत्र हळूहळू गळतं आणि पीक सरकत जातात. जुन्या तारेचे असे जोड करण्यात कारागीर तरबेज झालेत. नव्या पट्टीत मात्र एका खापराचं तोंड दुसऱ्या खापराला असं चिकटवायचं आहे की प्रवाहाला सांधा जाणवूही नये. त्सुकुबाच्या यंत्रात हा प्रश्न सोडवण्याऐवजी टाळला होता: अतिशय स्थिर वीजपुरवठा कायम जोडून ठेवला. तसं यंत्र धुळ्यात आणलं असतं, तर मी वर आनंदाचं म्हटलेलं उत्तर मागं घ्यावं लागलं असतं.

पट्टीमुळे स्पेक्ट्रमच्या दर्जात काही फरक पडतो?

पडतो, आणि जाहिरातीत याबद्दल कमी बोलतात. तार गोल आणि बारीक असते, तर पट्टी रुंद, बहुधा चार मिलिमीटर. बदलत्या क्षेत्रात त्या रुंदीत प्रवाहाचे छोटे भोवरे तयार होतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र मुख्य क्षेत्रात मिसळतं. ते सावकाश बदलतही राहतं. एनएमआरला नमुन्याच्या जागी अब्जात एक भाग इतकं एकसारखं क्षेत्र हवं असतं. म्हणून शिमिंगच्या, म्हणजे क्षेत्र एकसारखं करणाऱ्या, छोट्या वेटोळ्यांना जास्त राबावं लागतं, आणि मॅग्नेट भरल्यावर ते ‘बसेपर्यंत’ धीर धरावा लागतो. ड्युटेरियमचा लॉक, म्हणजे ड्युटेरियमच्या सिग्नलवर नजर ठेवून क्षेत्र जागेवर धरणारी व्यवस्था, उरलेला सरकता भाग सावरतो.

क्वेंच म्हणजे काय? स्फोट होतो का?

स्फोट नव्हे, पण घाबरायला पुरेसं. वेटोळ्याचा एखादा कण अतिसंवाहकता सोडतो, तिथे रोध येतो, रोधानं उष्णता, उष्णतेनं शेजारचा भाग बिघडतो. साठवलेली सगळी ऊर्जा उष्णतेत जाते आणि हेलियम उकळून बाहेर पडतो. एका लिटर द्रवाचा सातशे लिटरहून जास्त वायू होतो. खोली बंद असेल तर ऑक्सिजन हटतो, खरा धोका तो. दार उघडून बाहेर पडायचं, बघत उभं राहायचं नाही.

मी संशोधन करत होतो तेव्हा एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत दिवाळीच्या सुट्टीमुळे हेलियमचं फिलिंग लांबलं आणि मॅग्नेट गेलं. शिट्टीसारखा आवाज, मग छतापर्यंत पांढरं धुकं. दोन मिनिटांत सगळं शांत. नंतर कितीतरी महिने आम्ही नमुने घेऊन दुसऱ्यांच्या दारात.

जुन्या तारेत क्वेंच वेगानं पसरतो, आणि विचित्र वाटेल, पण ते बरं असतं: उष्णता सगळ्या वेटोळ्यात वाटली जाते. नव्या पट्टीत तो सेकंदाला काही सेंटिमीटर अशा गतीनं सरकतो. एकाच जागी उष्णता साचते, पट्टी जळते, आणि बाहेरच्या मीटरवर वेळेत काही दिसतही नाही. याला उपाय म्हणून अमेरिकेतल्या एमआयटीत वेढ्यांमधलं इन्सुलेशनच काढून टाकायची कल्पना पुढे आली. शेतातल्या चारीत दगड पडला आणि मधे बांध नसला, तर पाणी शेजारच्या चारीत शिरून पुढे जातं, तसा प्रवाह खराब जागा टाळून शेजारच्या वेढ्यात शिरतो. कल्पना सुरेख आहे, पण अशी वेटोळी भरायला फार वेळ लागतो आणि मोठ्या क्वेंचमध्ये त्यांच्यावर येणारा जोरही मोठा असतो. १३०० मेगाहर्ट्झच्या यंत्रासाठी त्यांनी केलेलं आतलं वेटोळं २०१८ मध्ये क्वेंच होऊन खराब झालं होतं.

हेलियम येतो कुठून? विजयदुर्गला सापडला ना तो?

दोन वेगळे प्रश्न आहेत. हेलियम नैसर्गिक वायूच्या काही विहिरींतून निघतो. अमेरिका आणि कतार हे मोठे पुरवठादार, आणि भारत बहुतेक सगळा बाहेरून आणतो. म्हणून भाव आणि पुरवठा दोन्ही आपल्या हातात नाहीत.

विजयदुर्गचं म्हणाल, तर १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन यांनी पाहिली ती गुंटूरहून, आणि या शोधात ज्यांचं नाव घेतात ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते. लॉकयर विजयदुर्गला आले ते १८९८ च्या ग्रहणाला. दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एक झाली.

भुसावळसारख्या जंक्शनजवळ असं यंत्र बसवता येईल?

रुळांपासून लांब, तळमजल्यावर, कंप शोषणाऱ्या पायांवर. हजारो टन लोखंड जवळून सरकलं की क्षेत्र हलतं, आणि जमिनीची थरथर स्पेक्ट्रममध्ये दिसते. लिफ्ट आणि पार्किंगही त्याच कारणानं लांब. आणि पेसमेकर असलेल्या माणसानं जमिनीवर आखलेल्या ५ गाऊसच्या (गाऊस हे क्षेत्राचं छोटं एकक) रेषेच्या आत यायचं नाही.

क्रायोप्रोब म्हणजे हेच का?

नाही. त्यात मॅग्नेट तेच राहतं. फक्त सिग्नल पकडणारं छोटं वेटोळं २० केल्विनच्या आसपास थंड करतात, त्यामुळे विद्युत गोंगाट कमी होतो.

आम्हाला खान्देशात याचा काय उपयोग? बाराशेचं मॅग्नेट इथे थोडंच येणार आहे?

बाराशेचं येणार नाही आणि आलं तर आपण त्याला पुरेसं काम देऊ शकणार नाही. पण माझ्या मते आपल्यासाठी या पट्टीचा खरा उपयोग शिखरावर नाही, पायथ्याशी आहे. मध्यम क्षेत्राला ही पट्टी २० केल्विनच्या आसपासही पुरते, आणि तेवढी थंडी विजेवर चालणारा क्रायोकूलर देतो, हेलियमच्या टाकीशिवाय. असं साधं चारशेचं मॅग्नेट शिरपूर, फैजपूर, चोपड्याच्या फार्मसी महाविद्यालयांच्या आवाक्यात आलं, तर मुलांचे नमुने पवईच्या आयआयटीला नाहीतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला (एनसीएल) पाठवून वाट बघत बसणं संपेल. तेव्हा लोडशेडिंगचा प्रश्न परत उभा राहील, कारण क्रायोकूलरला वीज अखंड लागते. एकतर हेलियमच्या ट्रकची वाट बघा, नाहीतर विजेची.

टेबलावर मावणारी ६० ते १०० मेगाहर्ट्झची यंत्रंही मिळतात. त्यांत कायमचं चुंबक असतं, थंडीची भानगड नाही. पण तापमान बदललं की कायमच्या चुंबकाचं क्षेत्र बदलतं, म्हणून आपल्या एप्रिल-मेमध्ये एसी असलेली खोली हवीच.

यात भारतीय माणसांचं काही काम आहे?

आहे, आणि सुरुवातीपासून आहे. इथेनॉलच्या तीन प्रकारच्या हायड्रोजनच्या तीन वेगळ्या खुणा दाखवणारा १९५१ चा शोधनिबंध प्रत्येक पाठ्यपुस्तकात उल्लेखला जातो. त्याच्या तीन लेखकांत एस. एस. धर्मट्टी होते, पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) एनएमआरचं काम उभं केलं. त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातला एनएमआर सिग्नल मोजून दाखवला. मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. नाहीतर सगळं झुरिक आणि फ्लॉरेन्समध्येच घडतं असा त्यांचा समज होतो.

सर, ते सगळं ठीक, पण नमुना पाठवताना काय काळजी घ्यायची?

शेवटी हाच प्रश्न येतो. हायड्रोजनच्या स्पेक्ट्रमला ५ ते १० मिलिग्रॅम पुरतो, पाकीट भरून पाठवू नका. नमुना कोरडा करा, डीएमएसओ या द्रावकात ३.३ पीपीएमला डोंगराएवढा पीक दिसला तर ते तुमचं नवं संयुग नसून पाणी आहे. गाळून घ्या, तरंगणारा एक कणसुद्धा शिमिंग बिघडवतो. ट्यूबवर कागदी लेबल गुंडाळू नका, ती आत अडकते आणि मग ऑपरेटरताई तुमचं नाव विसरत नाहीत.